भाड्याच्या पेटीचा हिशेब

अमेरिकेतील केबल कंपनीचे मासिक देयक ज्याने सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत वाचले असेल, त्याला वाहिन्यांच्या दराखाली आणखी एक रक्कम बिनबोभाट वसूल होत असलेली आढळली असेल; ती म्हणजे दूरचित्रवाणी संचाशेजारी ठेवलेल्या सेट-टॉप बॉक्सचे भाडे. या भाड्याला मुदत नाही. पेटीची मूळ किंमत केव्हाच वसूल झालेली असो, दहा वर्षे इमानेइतबारे भाडे भरणाऱ्या गृहस्थाच्या मालकीचा तिचा एक स्क्रूही होत नाही. एडवर्ड मार्की व रिचर्ड ब्लूमेंथल या सिनेटरांनी 2015 साली कंपन्यांकडून मागविलेल्या माहितीवरून असे निष्पन्न झाले की, सरासरी कुटुंब या पेट्यांपायी वर्षाकाठी 231 डॉलर भरते.

हा सारा दोष ग्राहकाच्या आळसाच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. टेलिफोनच्या तारेला स्वतःचे उपकरण जोडण्याचा हक्क तेथील दळणवळण आयोगाने 1968 मध्येच मान्य केला होता. पुढे केबलच्या पेट्याही खुल्या बाजारात मिळाव्यात अशी तजवीज 1996 च्या कायद्यात झाली. परंतु तिच्यातून बाजारातल्या पेटीत बसवायचे जे केबलकार्ड निपजले तेसुद्धा बहुधा कंपनीकडूनच भाड्याने घ्यावे लागे, आणि 2016 मध्ये आयोगाने मांडलेली नवी योजना अखेरच्या मतदानापर्यंत पोहोचलीच नाही.

मोडेम आणि राउटर यांची गोष्ट निराळी आहे. ग्राहक स्वतःचे उपकरण वापरीत असेल तर त्यापोटी भाडे आकारण्यास, डिसेंबर 2020 पासून अंमलात आलेल्या कायद्याने, कंपन्यांना स्पष्ट मनाई केली आहे. दरमहा 15 डॉलर भाडे धरले तरी वर्षाचे 180 डॉलर होतात, आणि तेवढ्यात चांगला मोडेम विकत मिळतो. खरेदीपूर्वी कंपनीची मान्य उपकरणांची यादी पाहावी, आणि घरचा टेलिफोनही त्याच तारेवरून चालत असेल तर त्यास योग्य असाच मोडेम घ्यावा, नाहीतर दूरध्वनी मुका होईल. भाड्याचे उपकरण बिघडल्यास कंपनी ते बदलून देते, ही तिची कैफियत खोटी नाही. पण वर्षानुवर्षे निर्वेध चालणाऱ्या वस्तूसाठी हा विमा फारच महाग पडतो.

न्यू जर्सीतील मराठी घरांत हिशेबाबाहेर राहणारी आणखी एक पेटी असते: आईवडील सहा महिन्यांसाठी आले म्हणून त्यांच्या खोलीत बसविलेली. ते पुण्याला परततात, खोली बंद होते, भाडे चालू राहते. पुष्कळ कंपन्यांचे ॲप नव्या संचावर थेट चालते. ते चालत असेल तर ही दुसरी पेटी घ्यावीच कशाला? असलेली परत करावी, आणि परतीची पावती जपून ठेवावी; कारण पेटी जमाच झाली नाही असे म्हणून तिची पूर्ण किंमत मागणारे पत्र पुढे येऊ शकते, आणि त्या वेळी पावती हाच भक्कम पुरावा ठरतो.