देव नको, बुद्ध चालेल

'देवाबिवावर आपला विश्वास नाही, बुद्ध मात्र पटतो,' असं हल्ली कॉलेजच्या कट्ट्यावर सर्रास ऐकू येतं. यात बौद्ध घरातली पोरं असतात, तशीच गणपतीच्या आरतीला कंटाळलेलीही. पुराव्यादाखल मोबाइलवर कालाम सुत्ताची रील दाखवतात : परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू सांगतो म्हणून काही मानू नका. रील तिथेच संपते. सुत्त संपत नाही. जे अहितकारक आहे असं स्वतःला कळेल ते सोडा आणि हितकारक ते आचरणात आणा, असं बुद्ध पुढे सांगतात; खरी मेहनत तिथून सुरू होते. १९५६च्या ऑक्टोबरात नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांचंही तेच झालंय. ब्रह्मा-विष्णू-महेश नाकारणारी पहिली प्रतिज्ञा पोरांना तोंडपाठ. दारू न पिण्याची सतरावी थर्टी फर्स्टला कुणालाच आठवत नाही. अर्थात वडीलधाऱ्यांनीही फार ताठ मानेने बोलू नये. परित्राण पाठानंतर मनगटावर पांढरा दोरा बांधून घेताना नातू विचारतो, 'आजी, गंड्यात आणि यात फरक काय?' आजी म्हणते, 'गप बस, भंतेजी बघतायत.' माझं मत विचाराल तर मी नातवाच्या बाजूचा. देवाला वगळून नीतीला मध्यभागी बसवणाऱ्या धम्मात एवढं विचारायची मुभा नसेल, तर ती कुठे असायची? फक्त त्याने पंचशीलाबद्दलही स्वतःला असंच खोदून विचारावं, रात्री मित्रांबरोबर बाहेर पडण्याआधी.