हाली जीबी, कलदार जीबी

छत्रपती संभाजीनगरात पैठण गेटच्या मोबाइल बाजारातून १२८ जीबीचा पेनड्राइव्ह आणावा, घरी संगणकाला लावावा आणि पडद्यावर ११९ जीबी उमटावेत, याची आता इतकी सवय झाली आहे की त्यावरून कोणी भांडतही नाही. फार तर दुकानदाराला विचारतात. त्याचं उत्तर तयार असतं: ‘फॉर्मॅटिंगमध्ये जातं, साहेब.’ मोंढ्यात कडता कापताना शेतकऱ्यालाही असंच काहीबाही ऐकवलं जातं. पण कडत्यात शेतकऱ्याचा माल खरंच जातो. इथे नऊ जीबी कुठेही गेलेले नसतात.

पाकिटावरचा जीबी म्हणजे १०० कोटी बाइट. विंडोजचा जीबी म्हणजे १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४, अर्थात १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइट. माल तेवढाच, माप मोठं, म्हणून आकडा लहान. किलोबाइटच्या काळात ही तूट शेकडा सव्वादोनच्या आसपास होती, ती कोणाच्या डोळ्यांत आली नाही. गिगाला ती सातच्या जवळ गेली, टेराला नऊच्या वर. एक टीबीची डिस्क घेणाऱ्याला पडद्यावर ९३१ जीबी दिसतात आणि तो मनातल्या मनात तैवानपासून पैठण गेटपर्यंत सगळ्यांना शिव्या घालतो.

कंपनीची बाजू भक्कम आहे, हे कबूल करावं लागेल. किलो म्हणजे हजार, गिगा म्हणजे अब्ज, ही आंतरराष्ट्रीय मापनपद्धती आहे आणि पाकिटावर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत ती छापलेलीही असते. खरं बोलण्यात फायदा असेल तर कंपन्यांना सत्याचं वावडं नसतं. पण मोबाइलच्या खोक्यावर ‘८ जीबी + १२८ जीबी’ असं लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा रॅमचा. रॅमची चिप दोनाच्या घातांत घडते, म्हणून तो जीबी १०२४चा, भरलेला. दुसरा साठवणीचा, तो हजाराचा. एकाच ओळीत, अधिकचं चिन्ह मध्ये घालून, दोन वेगळ्या मापांची बेरीज मांडलेली. (इंटरनेटवाल्याचं तर बोलूच नका. त्याचा एमबी बिटांचा, म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा एमबीच उतरतात.)

या शहराला हा प्रकार नवा नाही. निजामाच्या राजवटीत इथे हाली सिक्का चालायचा आणि मनमाडला, म्हणजे इंग्रजी मुलखात, कलदार. दोन्हींचं नाव रुपयाच. भाव साधारण सात हालीला सहा कलदार. शंभर कलदार हवे तर ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजायचे. संस्थान विलीन झाल्यावरही काही काळ दोन्ही रुपये शेजारी शेजारी नांदले, हाली पुरता बाद झाला तो १९५९ साली. सात हालीला सहा कलदार या भावाने हालीवर बट्टा बसायचा शेकडा चौदाच्या वर. त्या मानाने पेनड्राइव्हवाले दयाळूच म्हणायचे. अर्थात पायरीगणिक बट्टा वाढत जातो. पेटाला अकरा, एक्साला तेरा. झेटाबाइटपर्यंत पोचलो की आपण निजामाला मागे टाकू.

आणि १०२४ हा आकडा तरी कुठे परका आहे? भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त सुरुवातीलाच नाण्यांचं कोष्टक आहे: चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. गुणाकार करून पाहा, एका निष्काच्या काकिणी भरतात बरोबर १०२४. त्याच ग्रंथात एक, दश, शत, सहस्र अशी परार्धापर्यंतची दशमान पायऱ्यांची उतरंडही आहे. दोन्ही पद्धती एका पोथीत सुखाने राहिल्या, कारण निष्काला कोणी सहस्र म्हणत नव्हतं. कन्नडचा घाट उतरून पाटणादेवीला गेलात तर तिथल्या शिलालेखात या आचार्यांचा नातू चंगदेव भेटतो. देवगिरीच्या सिंघण यादवाचा तो ज्योतिषी, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने मठ काढला होता. त्या मठातल्या विद्यार्थ्याला ११९चं कोडं पडलं नसतं.

सरकारनेही एकदा शहाणपणा दाखवला होता. १ एप्रिल १९५७ला सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा रुपया शंभर पैशांचा झाला. एका आण्याचे सहा पैसे, पण तीन आण्यांचे एकोणीस, असा हिशेब लोकांनी पाठ केला. गोंधळ झालाच, पण नाण्यावर ‘नये पैसे’ असं लिहिलेलं होतं आणि १९६४पर्यंत ते ‘नये’ तसंच ठेवलं.

संगणकवाल्यांनाही हे १९९८मध्ये सुचलं. आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने १०२४च्या मापांना किबी, मेबी, गिबी अशी स्वतंत्र नावं दिली. ‘एकशे एकोणीस गिबीबाइट’ हे पैठण गेटला मोठ्याने म्हणून पाहा, म्हणजे ही नावं का रुजली नाहीत ते कळेल. ॲपलने २००९मध्ये आपल्या संगणकांवर सरळ हजाराचं माप धरलं आणि वाद मिटवला. विंडोज अजून १०२४ने मोजतं आणि खाली जीबी लिहितं. अमेरिकेत गिऱ्हाइकं कोर्टात गेली, तर २००७च्या तडजोडीत डिस्क बनवणाऱ्या सीगेटने चूक मान्य न करता किमतीचे पाच टक्के परत देऊ केले. जुन्या फ्लॉपीवर मात्र कोणी खटला भरला नाही. तिच्या १.४४ एमबीतला एमबी हजार गुणिले १०२४चा होता, ना हाली ना कलदार.

इकडे औरंगपुऱ्यातल्या दुकानांत भरतीच्या गाइडांचे ढीग आहेत. एक केबी म्हणजे किती बाइट, याचं उत्तर त्यांत १०२४ असं असतं. पोरांनी तेच लिहावं, गुण महत्त्वाचे.

आमची सूचना साधी आहे: गिबी राहू द्या, पाकिटावर ‘हाली’ आणि पडद्यावर ‘कलदार’ छापा. परवा पैठण गेटला आम्ही तसं विचारूनही पाहिलं, ‘हे १२८ हाली की कलदार?’ दुकानदाराने क्यूआर कोडची पाटी आमच्याकडे वळवली आणि म्हणाला, ‘काहीही द्या काका, फक्त सुटे मागू नका.’