बियाणे आले, विद्या वाटेतच राहिली



बोंडअळीने कापूस नेला की एक वाक्य हमखास ऐकू येते : शेतकरी अडाणी, त्याला नवे तंत्रज्ञान झेपत नाही. कृषिखात्याचे साहेब हे बोलतात, बियाणे कंपनीचे प्रतिनिधी बोलतात, शहरातले पर्यावरणवादीही बोलतात. एरवी या तिघांचे एकमेकांशी पटत नाही. आपल्याला अडाणी ठरवायचे असले की मात्र लगेच एकमत होते.

वऱ्हाडचा अनुभव वेगळा आहे. संकरित ज्वारीचे पहिले वाण, सीएसएच-१, १९६४ साली आले. बी दरसाल विकत घ्यायचे, खताची मात्रा मोजून द्यायची, हे आपल्या बापांना कोणत्या शाळेने शिकवले? लवकर निसवणारे ते कणीस पावसात सापडले की काळे पडते, हेही ते शेतातच शिकले. बीटी कपाशीला २००२ च्या मार्चमध्ये परवानगी मिळाली आणि दहा वर्षांत देशातली बहुतेक कपाशी बीटी झाली. अडाणी माणसाची ही चाल नव्हे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ सालीच लिहून ठेवले होते की गरीब शेतकऱ्याचा हिशेब पक्का असतो. शिक्षणाची खरी गरज लागते ती तंत्र बदलते तेव्हा. १९७९ साली त्यांना नोबेल मिळाले. आमच्या साहेबांपर्यंत ते पुस्तक अजून पोचलेले दिसत नाही.

मग गुलाबी बोंडअळीने आपल्याला गाठले कुठे? जे डोळ्यांना दिसते ते आपण शिकलो. जे दिसत नाही ते शिकवायला कोणी आले नाही.

बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साध्या कपाशीचे बी येत असे. ते शेताच्या कडेने लावायचे होते. कित्येकांनी ते बांधावर फेकले, नाहीतर खाडे भरायला वापरले. त्यामागचे गणित असे होते. हजारो अळ्यांत एखादी बीटीचे विष पचवणारी निघते. अशाच दोघांचा जोडा जमला तर पुढची सगळी पिल्ले तशीच निघतात. जवळ साधी कपाशी असेल तर तिच्यावर पोसलेले साधे पतंग मध्ये येतात, त्यांच्याशी जोडा जमतो आणि ती पिल्ले बीटीवर मरतात. पाच मिनिटांत सांगता येणारी गोष्ट. दुकानदार पाकीट देताना ती बोलला नाही, आणि ग्रामसेवकाला ती ठाऊक असेल असे मानायला जागा नाही. अलीकडे साधे बी पाकिटातच मिसळून येते. म्हणजे शिकवण्याचा प्रश्नच मिटवून टाकला.

पहिल्या बीटीला ही अळी दाद देत नाही हे गुजरातेत २०१० पर्यंत कळून चुकले होते. २००६ साली आलेले दोन जनुकांचे बोलगार्ड-२ सुद्धा पुढे तिला आवरेना आणि २०१७ साली विदर्भातली बोंडे आतून पोखरून निघाली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसाहून अधिक माणसे गेली. डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा, एवढे चार रंग फवारणाऱ्या मजुराला किती ठिकाणी कोणी दाखवले होते?

हीच अळी, हेच बीटी, अमेरिकेच्या अॅरिझोना राज्यातही होते. तिथल्या शेतकऱ्यांनी १९९६ पासून दहा वर्षे साध्या कपाशीचा नियम जवळपास काटेकोर पाळला. पुढे प्रयोगशाळेत वांझ केलेले पतंग सोडले आणि २०१८ साली तिथल्या कापूसपट्ट्यातून ही अळी संपल्याचे जाहीर झाले. या कामात कापूस उत्पादकांनी स्वतःच्या पैशाने चालवलेली संस्था पुढे होती. अर्थात तिथला शेतकरी शेकडो एकरांचा. आपल्या तीन एकरवाल्याने वीस टक्के रान अळीला सोडायचे आणि शेजाऱ्याने नाही, तर हा एकटाच बुडाला. त्याने पाकीट फेकले तेव्हा त्याचा स्वतःपुरता हिशेब बरोबरच होता. ही विद्या एका डोक्यात मावणारी नाही, अख्ख्या शिवाराला एकदम यावी लागते. म्हणून ते संघटनेचे काम आहे.

१० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यात अकोली जहांगीरला आपण परवानगी नसलेली तणनाशकरोधी कपाशी उघडपणे पेरली, गुन्हे अंगावर घेतले. योग्यच केले. तंत्रज्ञान निवडण्याचा हक्क शेतकऱ्याचा आहे. पण चोरून येणाऱ्या त्या पाकिटावर काहीच लिहिलेले नसते. ग्लायफोसेट मारले की ओळीतली तूर जळते, वारा असला तर शेजाऱ्याचीही जळते. आणि पाकीट बनावट निघाले तर कपाशीच जळते. सरकारची बंदी बियाणे थांबवत नाही, माहिती तेवढी थांबवते.

शिक्षणाचे म्हणाल तर भाऊसाहेब पंजाबरावांनी १९३२ साली अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, १९६९ पासून अकोल्यात त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ आहे. वऱ्हाडात शाळांची कमतरता नाही. शिकलेला पोरगा शेतात राहत नाही, कारण कापसाच्या भावात त्याच्या शिक्षणाची मजुरी निघत नाही. भाव मिळाला तर तो परत येईल. तोवर अळी थांबणार नाही.

तेव्हा डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटायची, फरदड घ्यायची नाही, हे गावाने मिळून ठरवावे. पेरणीनंतर दीड महिन्याने कामगंध सापळे लावावेत. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले तर सावध व्हावे. एकरी वीस हिरवी बोंडे फोडून पाहावीत, कारण बाहेरून बोंड धड दिसते. दोनांत अळी निघाली तरच फवारणी, एरवी पैसे आणि जीव दोन्ही वाचवावे. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने ही मोजणी करणाऱ्या दोघांची नावे आणावीत. त्यातली एक बाई असावी. कोणत्या धुऱ्याकडे कवडी जास्त निघते हे वेचणारणीला मालकाच्या आधी कळते.