थायरॉइड थोडी ठेवावी की पूर्ण काढावी?

थायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागली की वजन घटते, छाती धडधडते, हात थरथरतात. गोळ्या किंवा रेडिओआयोडीनने भागले नाही, तर शस्त्रक्रिया करावी लागते. पण किती ग्रंथी काढायची?

एकाच गाठीचा दोष असेल, तर त्या बाजूचा अर्धा भाग काढणे पुरते. ग्रेव्हज आजारात मात्र सगळी ग्रंथीच बिघडलेली असते. आयुष्यभराची गोळी टळावी म्हणून पूर्वी थोडा भाग मागे ठेवत. पण तो पुन्हा उसळू शकतो आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत आवाजाच्या नसेला इजा होण्याची भीती वाढते. म्हणूनच अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने २०१६ मध्ये ग्रेव्हजसाठी पूर्ण किंवा जवळपास पूर्ण ग्रंथी काढण्याची शिफारस केली.

अकोले किंवा जामखेडच्या रुग्णाला लोणी, अहिल्यानगर, पुण्याच्या फेऱ्या पुन्हा पुन्हा परवडत नाहीत. त्यापेक्षा रोज उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी बरी. मात्र पूर्ण ग्रंथी काढल्यावर कॅल्शियम घटण्याचा धोका जास्त. ओठांना, बोटांना मुंग्या आल्यास लगेच डॉक्टरांना सांगावे.

शस्त्रक्रियेआधी हार्मोन गोळ्यांनी आटोक्यात आणावे लागतात. सही करण्यापूर्वी सर्जनना एक प्रश्न जरूर विचारावा: वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता?