डोंगरावरच्या मुलीने समुद्र का शिकू नये?



माथेरानला हातरिक्षा ओढून ज्यांनी आयुष्याची उमेद खर्चिली, असे एक गृहस्थ गेल्या पावसाळ्यात माझ्या कर्जतच्या कचेरीत आले. सोबत बारावीत विज्ञान घेऊन उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेली मुलगी होती. समुद्रात पूल, धक्के आणि तेलाचे फलाट कसे उभारतात, ते तिला शिकावयाचे होते. परंतु आमच्याच समाजातील एका नोकरदार शहाण्याने त्यांना बजावले होते, "डोंगरावरच्या पोरीला समुद्र कशाला? मास्तरीण करा, नाहीतर कारकुनीच्या परीक्षेला बसवा."

या शहाण्यास उत्तर देणे मला अगत्याचे वाटते, कारण तो एकटा नाही.

समुद्र शिकण्यासाठी समुद्रकाठी जन्मावे लागते, हे त्याला कोणी सांगितले? देशातील बंदरांच्या लाटांचा आणि गाळाचा अभ्यास १९१६ साली स्थापन झालेल्या ज्या केंद्रीय संशोधन संस्थेत होतो, ती पुण्याजवळ खडकवासल्याला, सह्याद्रीच्या पलीकडे आहे. तेथे बंदराची लहान प्रतिकृती बांधतात, पाण्यात यंत्राने लाटा उठवितात आणि बंधाऱ्याचा कोन बदलला तर गाळ कोठे साचेल हे मोजतात. एके ठिकाणी बंधारा घातला की वाळूची वाट अडते आणि शेजारच्या गावचा किनारा झिजू लागतो. मऊ चिखलात खांब किती खोल उतरवावा, खारे पाणी पोलादास किती वर्षांत खाईल, वादळात नांगराच्या साखळीवर किती ताण येईल, हे सारे या शास्त्राचे प्रश्न. आणि माथेरानचा समुद्राशी संबंध नाही, हेही खरे नव्हे. या डोंगरातून उतरणारी गाढी नदी पनवेलच्या खाडीलाच मिळते. १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला २१.८ किलोमीटरांचा अटल सेतू, ज्याचे सुमारे १६.५ किलोमीटर समुद्रावर आहेत, तो आमच्याच रायगड जिल्ह्यात उतरतो.

मी कायदा शिकलो, त्याचा मला अभिमान आहे. तरी एक कबुली देतो. खाडीकाठच्या वादात समोरून लाटांच्या अभ्यासाचा जाडजूड अहवाल दाखल झाला की माझी वकिली तेथे लंगडी पडते. अहवालाच्या शेवटी 'परिणाम नगण्य' असे दोन शब्द असतात. ते खोटे ठरविण्यास घटनेची कलमे पुरत नाहीत. त्या आकड्यांत कोणता वारा धरला आणि कोणता वगळला, हे सांगणारा माणूस लागतो. तसा माणूस मी आमच्या वस्त्यांत शोधला. सापडला नाही.

हा प्रश्न केवळ जमिनीचा नाही, जिवाचाही आहे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरांवर १९७४ साली तेल लागले, त्या 'मुंबई हाय' क्षेत्रात १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात पी-३०५ नावाची, कामगारांच्या निवासाची बार्ज होती. तिला स्वतःचे इंजिन नव्हते. नांगर सुटले, ती वाहत जाऊन एका फलाटावर आदळली आणि बुडाली. तीवरील २६१ जणांपैकी सत्तरांवर माणसे मेली. वादळाची पूर्वसूचना होती. या वाऱ्याला हे नांगर धरतील काय, हा प्रश्न विचारण्याची विद्या त्या बार्जवर झोपणाऱ्यांपैकी किती जणांपाशी होती?

बौधायन धर्मसूत्राने समुद्रप्रवास पातकांत गणला होता. १९१३ साली बाबासाहेब समुद्र ओलांडून कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि ते मजूरमंत्री असताना १९४५ साली जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन यांसाठी केंद्रीय आयोग स्थापन झाला. पाण्याचे शास्त्र आमच्या वाटेवरचे नाही, असे म्हणणाऱ्याने निदान हे तरी वाचावे.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. न्यायपीठावर सरन्यायाधीश भूषण गवई होते. माणसाने माणसाला ओढणे हे प्रतिष्ठेला शोभत नाही, हे न्यायालयाने मानले. ई-रिक्षा ओढणाऱ्यांनाच द्याव्यात असेही सांगितले. बापासाठी ते योग्यच झाले. पण मुलीनेही ई-रिक्षाच चालवावी, असे कोणत्या निकालात लिहिले आहे?

मार्ग आहेत. मद्रास व खरगपूर येथील आय.आय.टी.मध्ये नौकारचना व सागरी अभियांत्रिकीची पदवी मिळते. २०१६ पासून आय.आय.टी.च्या बी.टेक.ला अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांस शिक्षणशुल्क माफ आहे. तेथे प्रवेश न मिळाल्यास आपल्याच जिल्ह्यात लोणेरे येथे बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तेथून स्थापत्याची पदवी घेऊन, गेट परीक्षा देऊन पुढे किनारा अभियांत्रिकीकडे वळता येते. परदेशी शिक्षणाच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीतून २०२२ साली भारतीय संस्कृती, इतिहास व समाज यांवरील विषय वगळण्यात आले. तो अन्याय आहे, आणि त्याविरुद्ध आपण भांडलेच पाहिजे. परंतु अभियांत्रिकीचे दार उघडे असताना रुसून उंबऱ्याबाहेर बसणे मला पटत नाही.

आता अडचणीचे बोलतो. त्या मुलीच्या दाखल्यावर नुसते 'नवबौद्ध' लिहिले होते. केंद्राच्या संस्थांत तेवढ्याने भागत नाही. बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती १९९० च्या दुरुस्ती अधिनियमाने मिळाल्या. म्हणून केंद्रीय नमुन्यात मूळ जातीचे नाव आणि त्या अधिनियमाचा उल्लेख, दोन्ही लागतात. दीक्षा घेतलेल्या घरास ते टाकलेले नाव पुन्हा लिहिताना वेदना होतात. तिच्या वडिलांनी लेखणी खाली ठेवली आणि बराच वेळ ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मी त्यांना म्हणालो, "दादा, हा धर्माचा कागद नव्हे, हक्काचा आहे." मुलीनेच लेखणी उचलून अर्ज पुरा केला.

आपण मात्र निकालाची वाट पाहू नका. मुले अकरावीत असतानाच प्रांत कचेरीत अर्ज द्या, आणि दाखला हाती पडताच त्यात १९९० हे वर्ष आहे की नाही, ते तेथेच खिडकीपाशी उभे राहून वाचा.