दरपत्रकावर नसलेला रकाना

शहरातल्या कुठल्याही मसाज सेंटरचे दरपत्रक उचलून पाहावे. स्वीडिश, डीप टिश्यू, बाली, थाई, अरोमा, अभ्यंग, शिरोधारा, पोटली. समोर मिनिटे आणि मिनिटांसमोर रुपये. तळाशी फायद्यांची यादी: रक्ताभिसरण सुधारते, विषद्रव्ये बाहेर पडतात, चरबी वितळते, ताण जातो. प्रकार बारा असोत की वीस, फायदे तेच चार. हा मसाज कोणी घेऊ नये, हे मात्र त्या कागदावर कुठेच सापडत नाही.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात हा रकाना आहे. सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात रोज अभ्यंग करावा, डोके, कान आणि तळपाय यांना विशेष करून तेल लावावे, असे सांगून होताच ग्रंथकार कोणी तो करू नये तेही सांगून टाकतो: कफाने ग्रासलेल्याने, नुकतेच शोधन झालेल्याने, अजीर्ण असलेल्याने. फायदा आणि मनाई अगदी शेजारी शेजारी. आपल्या व्यवसायाने यातला पहिला भाग भिंतीवर लावला आणि दुसरा सोयीने विसरला.

प्रकारांची नावे तशी फसवीच असतात. स्वीडिश मसाजचे श्रेय पेर हेन्रिक लिंग यांना दिले जाते. त्यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोमला व्यायामविद्येची संस्था काढली हे खरे. पण लांब हात फिरवणे, मळणे, घासणे, थापटणे आणि कंप देणे अशी जी घडी आज अभ्यासक्रमात शिकवली जाते, ती फ्रेंच नावांनिशी बसवली अ‍ॅमस्टरडॅमच्या योहान मेझगर या डॉक्टरांनी. आणि यातली एकही क्रिया आपल्याकडे परकी नव्हती. कोल्हापूरच्या तालमीत मेहनत आटोपली की जोडीदार एकमेकांचे अंग रगडतात. पोटरी दोन्ही तळव्यांत धरून पिळतात, मांडीवर कोपराचा दाब देतात, शेवटी पाठीवर थापट्या. अभ्यासक्रमाच्या पुस्तकातले जवळजवळ सगळे तिथे तेलमातीत आधीपासून आहे.

मेहनतीने साचलेले लॅक्टिक अ‍ॅसिड मालिशीने निघून जाते, असे मात्र तालमीतही सांगतात आणि जिममध्येही. ते खरे नाही. व्यायामानंतर रक्तातले लॅक्टेट तासाभरात आपसूक पूर्ववत होते आणि दुसऱ्या दिवशीच्या अंगदुखीशी त्याचा संबंध नाही. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठात २०१० साली झालेल्या प्रयोगात तर मालिशीच्या दाबामुळे रक्तप्रवाह अडून लॅक्टेट बाहेर जायला उलट अडथळाच झाला. दोन वर्षांनी मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी ११ तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावली, एका पायाला १० मिनिटे मालिश केली, दुसऱ्या पायाला केली नाही आणि दोन्ही मांड्यांमधून स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. लॅक्टेटमध्ये फरक नव्हता. मालिश झालेल्या पायात दाहाच्या खुणा मात्र कमी होत्या. म्हणजे पैलवानाला बरे वाटते ते खरेच. कारण तेवढे चुकीचे सांगितले जात होते. खरा फायदा हाताशी असताना खोटा फायदा छापायची गरज काय?

कंबरदुखीचेही असेच. २०१५ च्या कोक्रेन आढाव्यात २५ चाचण्या आणि तीन हजारांहून अधिक रुग्ण होते. निष्कर्ष असा की काहीच उपचार न करण्यापेक्षा मसाजने थोड्या काळापुरते दुखणे कमी होते; पुराव्याचा दर्जा कमी आहे. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ साली नव्याने सुरू झालेल्या कंबरदुखीसाठी गोळ्यांआधी करून पाहण्याच्या उपायांत शेकाबरोबर मसाजचेही नाव घातले. गुडघ्याच्या संधिवाताबद्दल अमेरिकेतलाच २०१२ चा अभ्यास या व्यवसायाला विशेष उपयोगाचा आहे, कारण त्यात ‘किती’ हा प्रश्न विचारला होता. आठवड्यातून एकदा पूर्ण ६० मिनिटांचा स्वीडिश मसाज ही मात्रा सर्वांत सोयीची ठरली. अर्ध्या तासाचे सत्र तिच्यापुढे कमी पडले. पुढे २०१८ साली २२२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली तेव्हा आठ आठवड्यांनी सुधारणा स्पष्ट दिसली, पण वर्षअखेरीस मसाज घेणारे आणि न घेणारे यांच्यातला फरक फारसा उरला नव्हता. गुडघे दुखणाऱ्या आजींना हे असेच सांगावे: बरे वाटेल, काही आठवडे वाटेल, सोबत चालणे आणि व्यायाम सोडू नका.

डीप टिश्यूच्या नावाखाली जे चालते त्याबद्दल थोडे परखडच लिहायला हवे. ‘जोरात करा, दुखलं तरच उतरतं,’ असे गिऱ्हाईक म्हणते आणि थेरपिस्ट इरेला पेटतो. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातल्या डॉ. जेम्स सिरियाक्स यांनी शिकवलेले खोल घर्षणसुद्धा बोटाच्या टोकाएवढ्या जागेवर, कंडराच्या तंतूंना आडवे, मोजक्या मिनिटांपुरते असते. पाठभर कोपर फिरवणे नव्हे. त्या घर्षणाच्या बाजूचा पुरावाही तोकडाच आहे. अतिजोराच्या मालिशीनंतर स्नायूपेशी फुटून मूत्रपिंडावर ताण आल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. काळेनिळे डाग ही कौशल्याची पावती समजणारे सेंटर आपल्या शहरात असेल, तर तिथल्या सहकाऱ्याला कोणीतरी हे समजावून सांगायला हवे.

थाई पद्धत अंगावर कपडे ठेवून, तेलाशिवाय, जमिनीवरच्या गादीवर होते. दाब आणि ताण यांचा तो मेळ. बँकॉकच्या वाट फो मंदिरात तिचे ज्ञान शिलालेखांत कोरलेले आहे आणि २०१९ मध्ये युनेस्कोने या परंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. जपानी शियात्सू अंगठ्यांनी आणि तळव्यांनी करतात. तिथे हा व्यवसाय करायचा तर तीन वर्षांचे शिक्षण आणि राष्ट्रीय परीक्षा लागते, आणि अंध व्यक्तींनी हे काम करण्याची तिथली परंपरा काही शतकांची आहे. आपल्याकडे चार दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र चौकटीत लागते.

सगळ्यांत हलका हात लागतो तो लसिकानिचऱ्याला. एमिल व्होडर या डॅनिश गृहस्थांनी १९३० च्या दशकात ही पद्धत मांडली. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर हात सुजतो तेव्हा ती वापरतात. त्वचा नुसती सरकवायची, स्नायूपर्यंत जायचेच नाही. आधी मानेजवळचा आणि काखेजवळचा भाग मोकळा करायचा आणि मग खाली दंडाकडे, मनगटाकडे यायचे. वर दाबपट्टी बांधली नाही तर केलेले काम टिकत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडे हत्तीपायाचे रुग्ण अजून आहेत. त्यांच्या बाबतीत तर पाय रोज साबणाने धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, जखमा सांभाळणे हे मालिशीच्या कितीतरी आधी येते. सुजलेला पाय दिसला की तेल घेऊन बसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

सुजलेल्या पायाचा दुसरा धोका याहून मोठा. दिल्लीतल्या एका तरुणाच्या मृत्यूचे प्रकरण ‘एम्स’च्या न्यायवैद्यक डॉक्टरांनी २०१७ च्या सुमारास प्रसिद्ध केले. खेळताना घोटा दुखावला, प्लास्टर घातले, ते काढल्यावरही पाय दुखत राहिला. घरच्यांनी मायेने तेल लावून चोळला. शिरेत धरलेली रक्ताची गुठळी सुटली आणि फुप्फुसात जाऊन अडकली. घरच्यांना दोष देण्यासारखे यात काही नाही, त्यांना कळणार कसे? पण जो पैसे घेऊन पायाला हात लावतो त्याला कळायला हवे. एकच पोटरी सुजलेली, गरम, दाबल्यावर दुखरी. आणि अलीकडे प्लास्टर, शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा लांबचा प्रवास. एवढे दिसले की शिंप्याची टेप काढावी. गुडघ्याखालचा हाडाचा उंचवटा शोधावा, त्याखाली १० सेंटिमीटरवर दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजावा. फरक ३ सेंटिमीटरहून जास्त असेल तर तेलाची बाटली बंद करून माणसाला त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवावे. फरक कमी भरला आणि तरी शंका वाटली, तरीही पाठवावे.

न्हाव्याच्या खुर्चीत चंपीच्या शेवटी मान कडकन मोडतात, तेही आता बंद व्हायला हवे. मानेतून मेंदूकडे रक्त नेणारी धमनी अशा झटक्याने फाटू शकते. मान नुसती मागे ताणून ठेवल्यानेही इजा होते. पार्लरच्या बेसिनवर केस धुताना झालेल्या पक्षाघाताची नोंद अमेरिकन डॉक्टरांनी १९९३ मध्येच केली होती.

आणि बाळे. महाराष्ट्रात मालिश करणाऱ्यांत सर्वांत अनुभवी कोण, असे विचारले तर बोट घरोघर जाणाऱ्या बाळंतिणीच्या बाईकडे दाखवावे लागेल. पाय लांब करून पाटावर बसायचे, बाळाला नडग्यांवर पालथे घ्यायचे, कोमट तेल आधी स्वतःच्या हातावर पाहायचे, मग पाठीवरून कुल्ल्यांपर्यंत एका दमात हात आणायचा. हे हात विज्ञानालाही पटले आहेत. टिफनी फील्ड आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांना दिवसातून तीनदा १५ मिनिटे, दहा दिवस स्पर्श आणि हालचाल दिली, तेव्हा त्या बाळांचे वजन इतरांपेक्षा ४७ टक्के जास्त वाढले. मुंबईतल्या डॉक्टरांनी २००५ साली खोबरेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. मुदतपूर्व बाळांत खोबरेल सरस ठरले. ढाक्याच्या शिशू रुग्णालयात त्याच वर्षी दिसले की सूर्यफुलाचे तेल लावलेल्या मुदतपूर्व बाळांना रुग्णालयातला जंतुसंसर्ग कमी होतो, कारण कोवळ्या त्वचेला आडोसा मिळतो.

याच बाईंच्या पोतडीत दोन-तीन वाईट सवयीही आहेत. बाळाच्या नाकात तेलाचे थेंब सोडणे ही त्यातली सर्वांत घातक. तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. टाळूवर तेल ठेवणे निराळे आणि टाळू दाबून ‘भरणे’ निराळे. सिझेरियन झालेल्या बाळंतिणीचे पोट पहिल्या आठवड्यात रगडणे हा तर शुद्ध अत्याचार. बालरोगतज्ज्ञांनी या बायकांना हिणवण्यापेक्षा दुपारी तासभर बोलावून बसवले, तर जास्त बाळे वाचतील. काही डॉक्टर तसे करतातही.

नियम कोणी करायचे, हा यानंतरचा प्रश्न. ‘स्पावर धाड’ ही बातमी मराठी वर्तमानपत्रांना नवी नाही आणि तिची झळ प्रामाणिक थेरपिस्टला बसते. तिला भाड्याने गाळा मिळत नाही, लग्नाच्या बैठकीत व्यवसाय सांगताना आईवडील अडखळतात. १८९४ साली लंडनमध्ये नेमके हेच झाले होते. मसाजच्या पाट्यांआड चालणाऱ्या धंद्यांवर ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने टीकेची झोड उठवली. तेव्हा रोझलिंड पॅजेट, ल्यूसी रॉबिन्सन, एलिझाबेथ मॅनली आणि मार्गारेट पामर या चार परिचारिकांनी सरकारकडे अर्ज करत न बसता ‘सोसायटी ऑफ ट्रेन्ड मॅसूझेस’ काढली आणि स्वतःवरच नियम घालून घेतले: डॉक्टरांच्या सूचनेवाचून मसाज करायचा नाही, वैद्यकीय नियतकालिके सोडून कुठे जाहिरात द्यायची नाही, रुग्णाला औषधे विकायची नाहीत, पुरुषांना सरसकट मसाज द्यायचा नाही. शेवटचा नियम आज कोणी मान्य करणार नाही, आणि पहिला पाळला तर आपली निम्मी सेंटर बंद पडतील. पण परीक्षा, नोंदणी आणि मनाई या तीन गोष्टींवर ती संस्था उभी राहिली. १९२० मध्ये तिला राजसनद मिळाली आणि १९४४ पासून ती ‘चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी’ म्हणून ओळखली जाते. आज फिजिओथेरपिस्ट स्वतःला मालिशवाल्यांपासून चार हात दूर ठेवतात. त्यांच्या संस्थेचा जन्म मात्र मालिशीच्या टेबलावरच झालेला आहे.

आपल्याकडे स्पा थेरपिस्ट आणि पंचकर्म तंत्रज्ञ यांच्यासाठी कौशल्य परिषदांचे अभ्यासक्रम आहेत. ते चांगले की अपुरे, यावर या मासिकात वाद झडले आहेत आणि पुढेही झडतील. तोवर एका कागदाला कोणाची परवानगी लागत नाही. माणूस टेबलावर झोपण्याआधी भरायचा, पानभराचा नोंदतक्ता. त्यात इतके असले तरी पुष्कळ: ताप आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, गरोदरपण, गेल्या तीन महिन्यांत शस्त्रक्रिया, प्लास्टर किंवा बाळंतपण, मधुमेहामुळे तळपाय बधिर आहेत का, कर्करोग किंवा हाडांच्या ठिसूळपणाचे निदान, एकाच पायाला सूज. खाली कुठे हात लावू नये हे ग्राहकाने स्वतः सांगायची जागा, आणि त्याची सही. उत्तर ‘हो’ आले म्हणून दरवेळी नाही म्हणायचे असे नाही. कुठे दाब कमी करायचा, कुठे तो भाग सोडायचा, कुठे डॉक्टरांची चिठ्ठी मागायची, हे त्यावरून ठरते. गरोदर बाईला कुशीवर निजवून पाठ-खांदे चोळता येतात. गोळी चालू असलेल्या आजोबांना हलका अभ्यंग चालतो, खोल दाब चालत नाही.

पुढच्या अंकात असे तक्ते छापायचे आहेत. ज्यांच्या केंद्रात, पंचकर्म विभागात, तालमीत किंवा घरोघरच्या कामात अशी काही नोंद ठेवली जाते, त्यांनी तिची कोरी प्रत महिनाअखेरपर्यंत संपादकांकडे पाठवावी. वहीतले हस्ताक्षरातले पान असले तरी चालेल. भरलेली पाने पाठवू नयेत. ती ग्राहकांची खाजगी बाब आहे.