आकाशाचे जहागीरदार

युरोपातल्या देशांच्या सार्वभौमत्वाचा मला मनापासून कंटाळा आला आहे. जमिनीवरच्या सीमा या मंडळींनी जवळजवळ पुसल्या. बहुतेकांनी चलन एक केलं, पासपोर्टच्या चौक्या उठवल्या, कुठल्या गावच्या चीजला कुठलं नाव लावायचं यावरही एकमत केलं. पण दहा किलोमीटर वर, जिथे ना शेत ना घर ना मतदार, तिथली तसूभर हद्दही कोणी सोडायला तयार नाही. प्रवासी विमान बेल्जियम ओलांडतं तेवढ्यात तुमचा चहा निवतसुद्धा नाही. तरी युरोपात वाटेवरची विमानं सांभाळायला साठाच्या आसपास नियंत्रण केंद्रं आहेत. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर हेच काम वीसेक केंद्रं करतात.

एकत्र यायचं तर 1960 मध्येच ठरलं होतं. सहा देशांनी युरोकंट्रोल ही संस्था काढली ती त्याचसाठी. पण शाई वाळते न वाळते तोच फ्रान्स आणि ब्रिटनने आपापलं आकाश द्यायला नकार दिला. त्या मूळ स्वप्नातलं आज हाती उरलंय ते मास्ट्रिक्टचं केंद्र. बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि वायव्य जर्मनीचं साडेचोवीस हजार फुटांवरचं आकाश तिथल्या एका छताखालून सांभाळलं जातं, आणि उत्तम सांभाळलं जातं. म्हणजे जमत नाही असं नाही, जमवायचं नाही.

बरं, हे सार्वभौमत्व खरोखर इतकं पवित्र असतं तरी मी हात जोडून गप्प बसलो असतो. 1 जुलै 2002 ची रात्र पाहा. दक्षिण जर्मनीत यूबरलिंगेनच्या वर एक रशियन टुपोलेव्ह आणि डीएचएलचं मालवाहू बोइंग एकमेकांवर आदळली. 71 माणसं गेली. त्यांतली बहुतेक स्पेनला सुटीवर निघालेली शाळकरी मुलं. आकाश जर्मनीचं, पण सांभाळत होती झुरिकच्या केंद्रातून स्कायगाइड ही स्विस कंपनी. त्या खोलीत एकटा नियंत्रक दोन टेबलं बघत होता. दुसरा विश्रांतीला गेलेला, कारण रात्री तसं चालवून घ्यायची तिथली वर्षानुवर्षांची रीत होती आणि ती व्यवस्थापनाला ठाऊक होती. देखभालीच्या कामामुळे टक्कर टाळण्याचा पडद्यावरचा इशारा बंद होता, फोनची मुख्य यंत्रणा बंद होती आणि पर्यायी लाइन बिघडलेली. उशिरा आलेलं एक विमान फ्रीडरिक्सहाफेनला उतरवायचं म्हणून हा माणूस त्या फोनशी झटत होता. तिकडे कार्ल्सरूहच्या जर्मन केंद्राला ही दोन विमानं जवळ येताना दिसत होती. त्यांनी झुरिकला पुन्हा पुन्हा फोन लावला. लागणार कुठून?

नियंत्रकाने टुपोलेव्हला खाली यायला सांगितलं. विमानांतल्या टीकॅस या टक्कर टाळणाऱ्या यंत्राने त्याच टुपोलेव्हला वर जायला सांगितलं आणि बोइंगला खाली. ऐकायचं कोणाचं, माणसाचं की यंत्राचं? एकाच्या लेखी माणसाचं, दुसऱ्याच्या लेखी यंत्राचं, आणि दोन्ही विमानं खाली आली. दीड वर्ष आधी, जानेवारी 2001 मध्ये, जपानच्या आकाशात हीच गल्लत होऊन दोन मोठी प्रवासी विमानं जेमतेम वाचली होती. तरी जागतिक नियम संदिग्धच राहिला. यंत्राचंच ऐकायचं, हे निःसंदिग्धपणे लिहिलं गेलं 2003 मध्ये. बैल गेला नि झोपा केला.

आता खरी गंमत, गंमत म्हणायला जीभ धजत नाही पण. 2006 मध्ये यूबरलिंगेनच्याच दाव्यात जर्मनीतल्या कॉन्स्टान्सच्या न्यायालयाने सांगितलं की हवाई नियंत्रण हे राज्याचं काम आहे आणि ते परक्या कंपनीकडे सोपवणारा वैध करारच अस्तित्वात नाही. म्हणजे जे आकाश सामायिक देखरेखीखाली द्यायचं म्हटलं की राष्ट्राची अस्मिता दुखावते, तेच आकाश सोय म्हणून, धड करार न करता शेजाऱ्याला वापरायला दिलेलं! राज्यघटना आठवते ती फक्त युरोपीय संघाच्या ब्रसेल्समधल्या बैठकीत.

ब्रसेल्सने कागद भरपूर केले. 2004 मध्ये ‘एकच युरोपीय आकाश’ नावाचे कायदे आले. नियंत्रण करणारा आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारा वेगळे हवेत, निदान कामापुरते तरी, एवढी साधी गोष्ट तेव्हा कायद्यात लिहावी लागली, कारण कित्येक देशांत दोघे एकाच छत्राखाली नांदत. (आपण हसू नये. आपल्याकडेही नियंत्रण करणारं विमानतळ प्राधिकरण आणि लक्ष ठेवणारं डीजीसीए एकाच मंत्रालयाच्या पदराखाली आहेत.) 2009 मध्ये युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेला, ईएएसएला, या क्षेत्रात पाऊल ठेवू दिलं. 2012 पर्यंत देशांनी एकत्र येऊन आकाशाचे नऊ मोठे गट करायचे होते. गट झाले कागदावर, केंद्रं राहिली जिथल्या तिथे. 2017 मध्ये युरोपच्याच लेखापरीक्षकांनी अहवालाच्या शीर्षकातच लिहिलं की संस्कृती बदलली, पण आकाश एक झालं नाही. देखरेख करणाऱ्यांना आणखी स्वतंत्र करणारा मसुदा 2013 मध्ये आला आणि जिब्राल्टरच्या विमानतळावरून स्पेन-ब्रिटनच्या भांडणात अडकला. एका धावपट्टीपायी अख्ख्या खंडाचं घोंगडं भिजत पडलं. पुढे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेरच पडलं. कायदा झाला 2024 मध्ये, तोही बराच पातळ करून.

यावर ठरलेलं उत्तर असतं: पण उड्डाणं सुरक्षित आहेत ना? आहेत. यूबरलिंगेननंतर युरोपच्या आकाशात दोन मोठी विमानं धडकलेली नाहीत. त्याचं श्रेय 71 प्रेतांनंतर लिहिलेल्या नियमांना आहे, जहागीर राखणाऱ्या मंत्र्यांना नाही. देखरेख दुबळी असली की तिची किंमत कोणाकडून वसूल होते, हेही नोंदलेलं आहे. 1976 मध्ये झाग्रेबजवळ ब्रिटिश ट्रायडंट आणि युगोस्लाव्ह डीसी-9 आदळून 176 जण मेले. केंद्रात माणसं कमी, गर्दी अफाट, ही दुखणी जुनी होती. आठ जणांवर खटला चालला. शिक्षा झाली एकट्या ग्रादिमिर तासिच या नियंत्रकाला, सात वर्षांची. जगभरच्या नियंत्रकांनी आवाज उठवला तेव्हा तो लवकर सुटला. यूबरलिंगेनच्या रात्री एकटा बसलेला नियंत्रक 2004 मध्ये त्याच्या घराच्या दारात, अपघातात बायको-मुलं गमावलेल्या माणसाच्या हातून भोसकून मारला गेला. स्कायगाइडच्या चार अधिकाऱ्यांना न्यायालयाने 2007 मध्ये दोषी ठरवलं. तिघांना निलंबित कैद, एकाला दंड.

आणि 2013 चा मसुदा अकरा वर्षं अडवून धरणाऱ्या मंत्र्यांपैकी एकालाही कोणी जाब विचारलेला नाही.